चूक शिकवणाऱ्याची

काबाईंच्या वर्गात परीक्षेला मुलं बसत नसत, मुलांच्या घरची माणसं बसत.

काबाई म्हणजे शाळेतल्या विज्ञानाच्या बाई. कुणी काहीही सांगितलं की त्यांच्या तोंडून आधी ‘का?’ निघायचं, म्हणून मुलांनी त्यांचं नाव काबाई पाडलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं. एकदा बाकावर कुणीतरी ते कोरलेलं त्यांना दिसलं, तेव्हा एवढंच म्हणाल्या, “नावं ठेवलीत ती ठेवलीत, पण ‘का’च्या पुढे प्रश्नचिन्ह कुठंय?”

त्यांच्या परीक्षेची रीत अशी. प्रत्येक मुलानं विज्ञानातली एक गोष्ट निवडायची, घरातलं एक माणूस निवडायचं आणि त्या माणसाला ती गोष्ट शिकवायची. ठरलेल्या दिवशी त्या माणसाला वर्गात आणायचं. बाई प्रश्न विचारणार त्या माणसाला, आणि ते जेवढे गुण मिळवील तेवढे मुलाचे. मुलानं मात्र खिडकीपाशी हात मागं बांधून उभं राहायचं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. एरवी घरभर तोंड चालवणारी पोरं त्या खिडकीपाशी घामाघूम व्हायची. कुणाची मावशी येऊन लिंबात खिळा आणि तांब्याची पट्टी खुपसून वीज दाखवून जायची. एका मुलाचे वडील कारखान्यातून तसेच ग्रीसच्या हातांनी आले होते. घर्षण म्हणजे काय ते सांगताना इतके रंगले, की शेवटी बाईंनाच हात जोडून त्यांना थांबवावं लागलं.

फळ्याच्या वर एका पट्टीवर बाईंनी ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं: ‘समोरच्याला कळलं नाही, तर चूक शिकवणाऱ्याची.’ ते त्यांनी मुलांसाठी नव्हे, स्वतःसाठी लिहिलं होतं. मुलांना ‘दगड’ म्हणणारे, ‘डोक्यात बटाटे भरलेत’ म्हणणारे मास्तर त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. शिक्षकांच्या खोलीत असा कुणी कुरकुरायला लागला की त्या चहाचा कप खाली ठेवून म्हणायच्या, “शिकवता येईना, पोरं वाकडी.”

त्या वर्षी त्यांच्या वर्गात भिंगरी होती. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. प्रश्न संपायच्या आत तिचा हात वर जायचा आणि हाताबरोबर ती अख्खी वर जायची. तिनं चंद्राच्या कला निवडल्या, आणि माणूस निवडलं ते आजोबा.

“आजोबा का?” बाईंनी विचारलं.

“आईला काय, एकदा सांगितलं की कळेल. त्यात काय मजा? आणि आजोबा हल्ली विसरतात ना थोडं. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या डोक्याला काहीतरी काम देत राहा.”

“छान,” बाई म्हणाल्या. पुढचा ‘का’ त्यांनी विचारला नाही.

आजोबा परीक्षेला आले ते बसमधल्या नोकरीचा जुना खाकी कोट घालून, केस चापून बसवून. जन्मभर कंडक्टर होते. आत येताच त्यांनी वर्गावर एक नजर फिरवली आणि म्हणाले, “बरीच गर्दी आहे. आत सरका, दारात उभं राहू नका.” वर्ग खूश झाला. दारातली दोन मुलं खरंच आत सरकली.

बाईंनी खुर्ची दिली आणि विचारलं, “आजोबा, चंद्र कधी पूर्ण दिसतो, कधी कोरीएवढा. असं का होतं?”

“चंद्र ना,” आजोबा म्हणाले. “चंद्र शेवटच्या गाडीला असतो. मागच्या काचेतून बघायचा. स्टॉपमागून स्टॉप जातात, हा आपला उतरायचं नाव घेत नाही. एकदा ड्रायव्हर मला म्हणाला, अरे त्याचं तिकीट फाडलंस का?”

वर्ग हसला. आजोबांना बरं वाटलं, त्यांनी तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. या वेळी हसू कमी आलं. बाईंनी मधल्या टेबलावरचा दिवा लावला आणि पांढरा चेंडू त्यांच्या हातात दिला, की निदान हाताला तरी आठवेल. आजोबांनी चेंडू जमिनीवर आपटून झेलला. मग त्यांचं लक्ष खिडकीकडे गेलं.

“ती मुलगी कधीची उभी आहे,” ते हळूच बाईंना म्हणाले. “तिला कुणीतरी जागा द्या की.”

भिंगरीचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, नियम ती मोडत नव्हती. पण ओठ एकेक शब्द घडवत होते: दिवा, चेंडू, उजेड. आजोबा तिच्याकडे बघून परक्या माणसाकडे बघून हसतात तसं हसले.

बाईंनी लगबगीनं परीक्षा आटोपली. आजोबांना तिची आई घेऊन गेली, तरी भिंगरी जागेवरून हलली नाही.

“किती?” तिनं विचारलं.

“नंतर बघू.”

“सगळ्यांना लगेच सांगता.”

“तुझी पुन्हा घेऊ आपण. पुढच्या आठवड्यात.”

भिंगरीनं फळ्याच्या वर पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. जणू हरवलेली किल्ली सापडली. “माझंच चुकलं,” ती म्हणाली. “मी एका दमात फार सांगत होते. आणि संध्याकाळी शिकवत होते, तेव्हा ते दमलेले असतात. आता सकाळी शिकवते.”

तिथून ते सुरू झालं. रोज मधल्या सुट्टीत भिंगरी बाईंना गाठायची आणि काय बदललं ते सांगायची. वाक्यं लहान केली. मग दिव्याची जागा बदलली. मग चेंडूऐवजी संत्रं घेऊन पाहिलं, रंगानं लक्ष राहील म्हणून.

“मग?”

“त्यांनी चंद्र सोलून खाल्ला.”

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “म्हणून काल दिसला नाही तो.” भिंगरीसुद्धा हसली.

बाईंना त्या दिवसांत तिचं फार कौतुक वाटत होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीचं तसंच ठेवायचं, फरक पडतो का बघायचं. हे त्या इतकी वर्षं घसा कोरडा करून सांगत आल्या होत्या, आणि ही एवढीशी पोर ते घरी करत होती. त्यांनी तिला वर्गासमोर उभं करून शाबासकी दिली. “आजोबांना आलं की नाही, हे महत्त्वाचं नाही,” त्या म्हणाल्या. “ही थकत नाही, ते बघा.”

पुढचा आठवडा आला, तशी भिंगरीनंच मुदत मागून घेतली. त्याच्या पुढच्या आठवड्यातही मागितली.

मग एका दुपारी, शाळा सुटता सुटता, तिची आई वर्गात आली. ती एका लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची. तिथूनच आली होती, बाह्या अजून वर सरकवलेल्या होत्या. बसा म्हटलं तरी बसली नाही.

“बाई, रागावू नका. ती परीक्षा बंद करता येईल का?”

“का हो?” बाईंच्या तोंडून सवयीनं गेलं.

आईनं खिडकीबाहेर बघत सांगितलं. “सासऱ्यांना आता तो दिवा नुसता दिसला तरी धडकी भरते. ती सकाळी शिकवते, शाळेतून आली की शिकवते, जेवायच्या आधी शिकवते. रागावत नाही हो कधी. गोडच बोलते. ‘आजोबा, पुन्हा एकदा.’ पण त्यांना एवढं मात्र कळतं, की आपल्याला काहीतरी यायला हवं होतं आणि ते येत नाहीये. परवा न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावून बसले. काल माझ्या कानाशी येऊन म्हणाले, सूनबाई, ती मास्तरीण आली की सांग, मी ड्युटीवर गेलोय. मी म्हटलं, का? तर म्हणाले, नापास झालो तर घरी पाठवतील मला.”

तिनं बाह्या खाली ओढल्या. “घरीच आहेत ते, बाई. मी काय सांगणार त्यांना?”

“तुम्ही तिला थांबवलं नाहीत?”

“थांबवलं की. समजूत घातली, एकदा हातही उचलला. ती म्हणते, आई, त्यांना कळत नाही म्हणजे मी नीट शिकवत नाहीये. बाईंनी लिहूनच ठेवलंय.”

बाईंच्या मागेच होती ती पट्टी, मान वळवायची गरज नव्हती. “उद्या बोलते मी तिच्याशी,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंगरीला प्रयोगशाळेत बोलावलं. परीक्षानळ्या पुसायला दिल्या, म्हणजे हात कामात राहतील. आणि जमेल तेवढ्या सरळ शब्दांत सांगितलं. आजोबांना आजार आहे. मेंदूत जिथं नवीन गोष्ट धरून ठेवायची, ती जागाच झिजत चालली आहे. भोक पडलेल्या बादलीत पाणी राहिलं नाही, तर चूक पाणी ओतणाऱ्याची नसते.

“तुम्हाला कसं माहीत?” भिंगरीनं नळी पुसता पुसता विचारलं.

“डॉक्टर म्हणालेत. तुझी आई म्हणाली.”

“म्हणजे ऐकलेलं. ऐकलेलं मानायचं नाही, करून बघायचं, असं तुम्हीच सांगता.”

“अगं, हे तसं नाही.”

“का?”

बाई दुसरी नळी हातात घेऊन पुसू लागल्या. भिंगरीनं नळी स्टँडवर ठेवली. “आई माझी समजूत काढते. तुम्ही पण समजूतच काढताय. मोठी माणसं अशीच बोलतात, आपलं चुकलं तरी तुझं नाही चुकलं म्हणतात. मग वर ते लिहिलंय ते खोटं आहे का?”

“खोटं नाही. अर्धं आहे.”

“मग उरलेलं अर्धं सिद्ध करून दाखवा.”

बाईंना खरं तर हायसं वाटलं. समजुतीनं जे होत नव्हतं, ते होण्याची वाट या पोरीनंच दाखवली होती. शिकवण्यात चूक आहे की नाही हे बघायचं, तर तेच शिकवणं, जसंच्या तसं, दुसऱ्या माणसावर करून बघायचं. त्याला आलं, तर शिकवणं बरोबर. भिंगरीला हे पटलं. एवढंच नव्हे, तिनं लगेच अटी घातल्या.

“आजोबांच्याच वयाचं माणूस हवं. नाहीतर तुलना बरोबर नाही.”

“बरं.”

“आणि त्याला आधी काहीच माहीत नको. आणि शब्द तेच, दिवा तोच, चेंडू तोच. मी आजोबांना सांगते त्यापेक्षा एक शब्द जास्त सांगणार नाही.”

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. एरवी त्यांनी अशा उत्तराला टाळी दिली असती.

माणूस मिळालं फाटकावरच. शाळेचे रखवालदारमामा आजोबांच्या वयाचे, कानानं थोडे जड, आणि विज्ञानाशी त्यांचा संबंध एवढाच, की प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्याकडे असायची. “माझी परीक्षा?” ते म्हणाले. “बाई, या वयात नापास करून काय मिळणार तुम्हाला?” पण आले. चंद्राबद्दल काय माहीत आहे, असं विचारलं तर म्हणाले, “पृथ्वीची सावली पडते त्याच्यावर, म्हणून तो कमी होतो. सगळ्यांनाच माहीत आहे ते.” भिंगरीनं बाईंकडे पाहिलं. चुकीचं माहीत असलेलं तर काहीच माहीत नसण्याहून कठीण. चालेल, असं तिनं मानेनं सांगितलं.

ती रोज मधल्या सुट्टीत त्यांना शिकवू लागली, आजोबांना शिकवायची तसंच. बाई लांबून बघत. तीच लहान वाक्यं, तेच मधे मधे थांबणं, तेच ‘पुन्हा एकदा’. मामा आधी हुज्जत घालायचे, मग गप्प व्हायचे, मग चेंडू हातात घेऊन स्वतःभोवती गोल फिरायचे आणि भोवळ आली म्हणून बसायचे. तेवढ्या दिवसांत घरी तिनं दिवा लावला नाही. प्रयोग चालू असताना दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही, असं ती आईला म्हणाली. आईनं बाईंना निरोप धाडला, आता सासरे नीट जेवतात.

परीक्षेच्या दिवशी खिडक्यांना काळे पडदे ओढले. मामा खुर्चीत बसले, भिंगरी खिडकीपाशी उभी राहिली. बाईंनी कलांचे प्रश्न विचारले, मामांनी चेंडू धरून एकेक दाखवलं: तोंड दिव्याकडे असलं की चेंडूची काळी बाजू आपल्याकडे, ती अमावस्या, दिव्याकडे पाठ केली की उजळ बाजू आपल्याकडे, ती पौर्णिमा. सावलीचं काय, असं विचारलं तर म्हणाले, “सावली नाही हो. मी उगाच जन्मभर सावली सावली करत होतो.”

मग बाईंनी शिकवण्यात नसलेला प्रश्न विचारला. प्रत्येक परीक्षेत त्या असा एक विचारायच्या. पाठ केलेलं आणि समजलेलं तिथं वेगळं पडतं. “मामा, भर दुपारी डोक्यावर पौर्णिमेचा चंद्र का दिसत नाही?”

मामा उठले. दिव्याकडे पाठ करून त्यांनी चेंडू पुढं धरला. मग मान वळवून दिव्याकडे बघायचा प्रयत्न केला. पुन्हा चेंडूकडे.

“कसा दिसेल?” ते म्हणाले. “सूर्य या अंगाला, चंद्र त्या अंगाला. हा डोक्यावर असेल तेव्हा तो पायाखाली. दोघांना एकदम बघायला मला काय खालून डोळे आहेत?”

वर्गानं टाळ्यांचा कडकडाट केला. बाकं वाजली. मामा ओशाळून हसत खाली बसले. बाईही टाळ्या वाजवत होत्या. आता या पोरीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं, असं त्यांना अगदी आतून वाटलं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. भिंगरी टाळ्या वाजवत नव्हती. हात अजून मागंच होते.

वर्ग रिकामा झाला तरी ती तिथंच होती. बाईंनी एक पडदा बाजूला केला.

“बघितलंस? तुझं शिकवणं पूर्ण बरोबर होतं.”

“हो.”

“मग?”

“म्हणजे आता याच्यापेक्षा चांगलं शिकवून काही उपयोग नाही.”

बाईंचा हात पडद्यावरच राहिला.

“चूक माझी असती,” भिंगरी म्हणाली, “तर मी दुरुस्त केली असती.”

इतके प्रयोग मांडले, इतक्या मुलांकडून निष्कर्ष लिहून घेतले, पण या प्रयोगाचा निष्कर्ष दोन्ही बाजूंनी कापतो, हे बाईंच्या ध्यानात आलं नव्हतं. पोरीनं स्वतःवर घेतलेला दोष काढायला त्या निघाल्या होत्या. त्या दोषाच्या खुंटीलाच तिनं आपली सगळी आशा टांगली होती, आणि बाईंनी खुंटीच उपटली. तिच्या आईला ते कळलं नसतं, कुणालाच कळलं नसतं. पण बाईंना कळायला हवं होतं.

“आजोबांना आता कधीच नाही येणार?”

‘कुणी सांगावं,’ असं म्हणता आलं असतं. ‘बघू या’ म्हणता आलं असतं. बाईंच्या जिभेवर ते दोन्ही येऊन गेलं. पण मघाशीच या मुलीला त्यांनी पुराव्यानिशी खरं मानायला लावलं होतं.

“नाही येणार, बाळ.”

“आणि मी कोण ते?”

“तेही हळूहळू जाईल.”

भिंगरी भिंतीला टेकून खाली बसली आणि रडू लागली, हुंदके देत, नाक बाहीला पुसत. बाई गुडघ्यावर हात ठेवून कशाबशा तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. दारात रखवालदारमामा आले. चेंडू त्यांच्या खिशातच राहिला होता तो परत करायला.

“मग, पास का मी?” त्यांनी हसत विचारलं, आणि मग त्यांना दिसलं.

भिंगरीनं तोंड पुसलं. “पूर्ण मार्क, मामा,” ती म्हणाली.

मामांनी चेंडू टेबलावर ठेवला आणि पाय न वाजवता निघून गेले.

तिला एकटीला घरी जायचं नव्हतं, म्हणून बाई बरोबर गेल्या. रस्त्यात भिंगरी एरवीसारखी पुढं पळाली नाही. लाँड्रीच्या वळणावर तिनं विचारलं, “मग आता मी त्यांना काय शिकवू?”

“काही नको.”

“मग मी तिथं जाऊन करू काय?”

“मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या. आणि ते खरंच होतं.

आजोबा दाराबाहेरच्या लाकडी बाकावर बसले होते, कोट घालून. दोघींना येताना बघून ते सावरून बसले. त्यांनी भिंगरीच्या हातांकडे पाहिलं. हातात दप्तराखेरीज काही नव्हतं.

“कुठं जायचंय?” त्यांनी विचारलं.

भिंगरीच्या ओठांवर ‘आजोबा’ येऊन थांबलेलं बाईंना दिसलं. हाक मारली तर ते पुन्हा विचारणार, कोण आजोबा, आणि आठवायच्या धडपडीत पुन्हा घाबरणार.

“कुठं नाही,” ती म्हणाली. “मी इथंच राहते.”

“असं होय,” आजोबा म्हणाले, आणि बाकाच्या एका कडेला सरकले. “मग उभी का? बस की. जागा आहे.”

ती बसली. बाई थोडा वेळ थांबल्या, मग वळून चालू लागल्या. कोपऱ्यावरून त्यांनी मागं पाहिलं. आजोबा हातवारे करून काहीतरी सांगत होते, शेवटच्या गाडीचीच गोष्ट असावी. आणि ती पोर, जिला त्या गोष्टीतला शब्दन् शब्द पाठ होता, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी त्यांच्याकडे बघत होती, एका जागी, अजिबात न हलता.